नाकाला पथ्य नसतं

७ जून

चिंगे,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोनवर गुपित सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. तुझी मामी खाली दुकानात शिवणयंत्र चालवत असली तरी वर मी काय कुजबुजतो ते तिला बरोबर ऐकू येतं. यंत्र थांबलं की समजायचं, बाई आता कान देऊन ऐकते आहे.

काम असं आहे. मला तुझ्या मामीसाठी एक परफ्यूम हवाय. फुलांचा नको, खाऊच्या वासाचा. हसू नकोस. मागच्या आठवड्यात गाडी शिकायला एक नवीन बाई आल्या. दार लावून बसल्या आणि गाडीभर ताज्या केकचा वास! मी म्हटलं, "मॅडम, डबा मागच्या सीटवर ठेवा, गिअर बदलताना सांडेल." त्या म्हणाल्या, "डबा कसला? हा माझा परफ्यूम आहे." चिंगे, वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबतोय, पण इतका कधी दचकलो नव्हतो.

तुला माहीतच आहे, हिवाळ्यात मामीला शुगर निघाली. त्या दिवसापासून मी घरातलं गोड बंद केलं. डबे रिकामे केले, सगळ्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचतो, रविवारी बेकरीत जायचो तेही बंद. ती तक्रार करत नाही, हेच वाईट. भांडली असती तर बरं वाटलं असतं. बेकरीचा कोपरा आला की नुसती पलीकडे बघते.

म्हणून म्हटलं, जिभेला बंदी असली तरी नाकाला पथ्य नसतं. तू त्या मोठ्या दुकानात परफ्यूमच्या काउंटरवर उभी राहतेस, मग मामाला एवढी मदत कर. निमित्त काही नाही. आणि तिला अजिबात कळता कामा नये.

तुझा,
मामा

१३ जून

मामा,

हसू नकोस म्हणालास म्हणून हसले नाही. काउंटरखाली वाकून हसले.

आता ऐक. गोड परफ्यूम निवडणं वाटतं तितकं सोपं नसतं. माझ्याकडे रोज बायका येतात आणि म्हणतात, "काहीतरी गोड द्या." मी पहिली बाटली पुढे केली की नाक मुरडतात, "इतकं गोड नको." गोड हवं असतं, पण गोडमिट्ट नको असतं. व्हॅनिला म्हटलं की सगळ्यांना आइस्क्रीम आठवतं. प्रत्यक्षात एक व्हॅनिला लाकडासारखी कोरडी असते, एक धुरकट, एक निव्वळ साखरेचा पाक. कॅरमेलला मिठाचा किंवा लाकडाचा आधार नसेल तर तासाभरात डोकं धरतं. बदाम चुकला की खोकल्याच्या औषधासारखा वाटतो. आणि उन्हात यातलं काहीही दुप्पट गोड होतं.

सोबत पाच छोट्या कुप्या पाठवते आहे. त्यांच्यावर मी फक्त आकडे लिहिलेत, कारण नाव वाचलं की माणूस नावाचाच वास घेतो. दिवसाला एकच लाव, मनगटावर. मनगटं एकमेकांवर घासू नकोस, तू घासणार हे मला माहीत आहे. आणि पहिल्या फवाऱ्यावर भाळू नकोस. पहिला फवारा म्हणजे नोकरीच्या मुलाखतीला आलेला माणूस, सगळं छानच बोलतो. खरा स्वभाव जेवणाच्या सुट्टीनंतर कळतो. म्हणून सकाळी लावायचा आणि संध्याकाळी जे उरेल त्यावरून ठरवायचं.

कातडीप्रमाणे वास बदलतो, त्यामुळे तुझ्यावर बसला तो मामीवर बसेलच असं नाही. पण चोरून आणायचाय म्हटल्यावर तुझ्याच हातावर भागवायला हवं. पट्ट्याही पाठवते, कागदाच्या. तुलना करायला बऱ्या.

एक सांग. मामीला गोडातलं नक्की काय आवडायचं? "सगळं" असं लिहिलंस तर दुसरं पत्र येणार नाही.

चिंगी

२२ जून

चिंगे,

अहवाल देतो.

एक नंबर लावून गाडीत बसलो. शिकाऊ मुलगी सिग्नलला थांबली आणि म्हणाली, "सर, मला खूप भूक लागलीय." हिरवा लागला तरी तिचं लक्ष नाही, मागे हॉर्नवर हॉर्न. एक नंबर बाद.

दोन नंबर पाकाचा होता. घासलं. मनगटं घासली, कबूल. दुपारी गाडीची काच खाली केली आणि दोन गांधीलमाश्या आत. शिकणारे गृहस्थ स्टिअरिंग सोडून दार उघडायला निघाले. मी ब्रेक दाबला म्हणून आज हे पत्र लिहितोय.

तीन नंबर म्हणजे तुझं ते खोकल्याचं औषध.

चार नंबरचं मला कळत नाहीये. सकाळी काही खास वाटला नाही. जरा करपल्यासारखाच. पण संध्याकाळी घड्याळ काढताना वास आला आणि मी तिथेच बसलो. काय आठवलं ते सांगता येत नाही. काहीतरी चांगलं होतं.

पाच नंबर चॉकलेट. बरा आहे, पण तो लावला की आपण वाढदिवसाला आलेलं लहान मूल आहोत असं वाटतं.

मामीला काय आवडायचं, यावर मी खूप विचार केला. तिला मधला मऊ भाग कधीच आवडला नाही. केकचा कोपरा, कडेला भाजून कडक झालेला, तो तिचा. भांड्याला चिकटलेली तपकिरी साखर चमच्याने खरवडून खायची. मी म्हणायचो, करपलंय ते, टाकून दे. ती म्हणायची, "करपलं नाही, मुरलंय."

आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो. तिचं गोड बंद झालं तेव्हापासून मीही तोंडात काही गोड घातलेलं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. बाहेरही नाही. तिला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती म्हणेल, "माझ्यासाठी उपाशी राहू नकोस," आणि मला जबरदस्तीने खाऊ घालेल. तेव्हा ताकास तूर लागू देऊ नकोस.

मामा

२६ जून

चिंगीस,

सुखी राहा. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझा मामा मला फसवतोय.

अठरा वर्षं मी लोकांचे कपडे आत घेते, बाहेर सोडते. कॉलर हातात आली की बाई कुठे जाऊन आली ते मला कळतं. कुणाच्या बाहीला दवाखाना असतो, कुणाच्या पदराला सिगारेट असते, ती बाई स्वतः ओढत नसली तरी. तर या माणसाच्या शर्टाच्या बाह्यांना गेले आठ-दहा दिवस काय वास येतोय? एक दिवस केक, एक दिवस पाक, एक दिवस चॉकलेट!

माझी बहीण म्हणते, बाई असेल. मी म्हटलं, बाई असती तरी परवडलं असतं गं. बाईला समोर बसवून दोन शब्द सुनावता येतात. केकला काय सुनावणार? हा माणूस माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा पितो, तोंड असं करतो की जणू माझ्याबरोबर वनवासात निघालाय, आणि बाहेर जाऊन बेकऱ्या पालथ्या घालतोय. घरात मला बिस्किटाचं पाकीट वाचून दाखवतो. वाचून! गोष्टीच्या पुस्तकासारखं!

मला गोड मिळत नाही याचं काही नाही. पण मला वगळून एकट्याने खातो, हे लागलं. आम्ही जे खाल्लं ते आजवर एका ताटलीत खाल्लं.

तू वासातली जाणकार. सोबत त्याचा रुमाल ठेवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. हुंगून मला खरं काय ते सांग. बेकरी कुठली तेही कळलं तर बघ.

मामी

१ जुलै

मामी,

रुमाल मिळाला. प्रवासात पाकिटाला इतके वास लागतात की छातीठोक काही सांगणं अवघड आहे. मला वाटतं गाडीत टांगायचं ते सुगंधी झाड असतं ना, तसलं काहीतरी असेल. हल्ली त्यात सगळे प्रकार मिळतात. शिकणाऱ्यांपैकी कुणी भेट दिलं असेल.

मामा असं करणार नाही गं. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेव, गोळ्या घे.

चिंगी

१ जुलै

मामा,

घाईत लिहिते. मामीने तुझा रुमाल हुंगला आहे. तिला वाटतंय तू चोरून केक खातोस. मी गाडीतल्या सुगंधी झाडाची थाप मारली आहे, तेव्हा एक झाड विकत घे आणि टांग. शर्ट लगेच धू. नमुने गाडीतच ठेव.

तुम्हा दोघांच्या मध्ये माझी कात्रीत सापडल्यासारखी गत झाली आहे. लवकर नंबर ठरव.

चिंगी

९ जुलै

चिंगे,

घात झाला. तुझी मामी बहिणीकडे राहायला गेली.

तू सांगितलंस म्हणून मी शर्ट धुतले, सगळेच, कपाटातले स्वच्छ होते तेसुद्धा. दोरीवर माझे बारा शर्ट वाळताना बघून ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, कधी मोजा उचलला नाहीस. निर्दोष माणूस एवढे कपडे धुतो का?"

मी म्हटलं, "गाडीत सुगंधी झाड टांगलंय, त्याचा वास लागला असेल."

ती खाली गेली, गाडीचं दार उघडलं, हुंगलं आणि वर येऊन म्हणाली, "ते लिंबाचं आहे."

चिंगे, केकचं झाड मिळत नाही गं! तीन दुकानं फिरलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी बोलायला लागलो की नेमका खोटाच वाटतो. खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, पण तोवर ती पिशवी भरून जिन्यात पोचली होती. जाताना म्हणाली, "दुकान दुपारी उघडायला येईन. घरी येणार नाही. तू खा हवं ते, निवांत."

आता ती खाली येते, काम करते, जाते. वर पाय ठेवत नाही. मी जिन्यात बसून यंत्राचा आवाज ऐकतो.

परफ्यूम रहित कर. बायकोला आनंद द्यायला निघालो आणि बायकोच घालवून बसलो. फक्त एकदा शेवटचं बघतो, चार नंबर खरंच त्या कडेच्या कोपऱ्यासारखा येतो की मलाच भास होतोय. पट्टी घेऊन बेकरीसमोर उभा राहीन म्हणतो. त्यानंतर सोडून देतो हा नाद.

मामा

१४ जुलै

चिंगीस,

तू मला झाडाची थाप मारलीस त्याचा हिशेब नंतर. आता मुकाट्याने हे वाच.

मी आणि माझ्या बहिणीने ठरवलं, त्याला रंगेहाथ पकडायचं. तिच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही त्याच्या गाडीचा पाठलाग केला. सोपं होतं. गाडीवर 'एल' लिहिलेलं आणि वेग गोगलगायीचा. दोनदा आम्हालाच मागे थांबावं लागलं. बहीण हेल्मेटमधून ओरडत होती, "अशाने तो पकडला जायच्या आधी मी म्हातारी होईन!"

गाडी बेकरीसमोर थांबली. मी म्हटलं, झालं. शिकणारी मुलगी गाडीतच बसली, हा उतरला. मी बुटाचा बंद बांधायला वाकले, म्हणजे तोंड दिसू नये. माझ्या चपलेला बंद नाही हे नंतर लक्षात आलं.

चिंगे, तो आत गेलाच नाही. दाराबाहेर फुटपाथवर उभा राहिला. दार उघडून कुणी बाहेर आलं की डोळे मिटून हवा ओढून घ्यायचा. हातात कागदाचा एक कपटा होता, तो मधेच नाकाशी धरायचा. आठवणीला बेकरीचं जुनं बिल जपलं असेल. पुन्हा दाराकडे तोंड, पुन्हा कपटा. लोक वळसा घालून जात होते. मग कपटा खिशात ठेवला, गाडीत बसला आणि गेला. काही घेतलं नाही.

मी आत गेले. बेकरीवाल्या बाई ओळखीच्या. त्यांना विचारलं, "हे काय घेऊन जातात?" त्या म्हणाल्या, "ते? हिवाळ्यापासून एक पाव सोडून काही घेतलं नाही हो. मी परवा नवीन केकचा तुकडा चाखायला पुढे केला, तर दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले."

मी तिथल्या खुर्चीवर बसले. बहीण म्हणाली, "पाणी देऊ का?"

म्हणजे तो खात नाहीये. माझ्यासाठी त्याने सोडलंय, आणि एवढी तलफ येते की बाहेर उभं राहून वास घेऊन पोट भरतो. आणि मी त्याला जिन्यात बसवून ठेवलं! मी काल घरी परतले. त्याच्या शर्टांची सगळी बटणं तपासून घट्ट करून दिली, एवढंच.

आता तुझ्याकडे काम. बायकांसाठी खाऊच्या वासाचे परफ्यूम निघालेत म्हणे, माझ्याकडे एक गिऱ्हाईक लावून येते. पुरुषांसाठी असला काही प्रकार असतो का? केकसारखा, पण मिशीला शोभेल असा? त्याला फुटपाथवर उभं राहावं लागू नये. नसेल तर बायकांचाच दे, बाटलीवरची चिठ्ठी मी काढून टाकीन. त्याला कळू देऊ नकोस.

मामी

१९ जुलै

मामा,

परफ्यूम रहित होणार नाही. सोबतच्या खोक्यात चार नंबर आहे, मोठी बाटली. तू जेव्हा लिहिलंस की मामी 'मुरलंय' म्हणायची, तेव्हाच माझा निर्णय झाला होता, पण तुझ्या नाकालाही तो कडेचा कोपरा ओळखू येईपर्यंत थांबले. त्यात जळकी साखर आहे, चिमूटभर मीठ आहे, खाली लाकूड आहे. बाटलीत हुंगला तर कुणी घेणार नाही. काउंटरवरही पडून असतो, कारण पहिल्या मिनिटाला गोड बोलता येत नाही त्याला. अंगावर मात्र हळूहळू उलगडतो.

फक्त दोन फवारे. कपड्यांवर नको, मानेवर.

दुसरं खोकं मामीच्या नावाचं आहे. त्याला हात लावशील तर याद राख.

चिंगी

१९ जुलै

मामी,

खोक्यात तू मागितलंस ते आहे. हा वास बायकांचा की पुरुषांचा असं त्याच्यावर लिहिलेलंच नाही, त्यामुळे चिठ्ठी काढायची गरज नाही. मामाच्या मानेवर दोन फवारे, जास्त नको.

मामाच्या नावाचं खोकं उघडू नकोस. आणि थापेबद्दल माफ कर. माझ्या तोंडाला दोघांनी कुलूप लावलं होतं.

चिंगी

२७ जुलै

लबाड चिंगे,

दोन्ही खोक्यांत एकच बाटली!

दोन्ही एकाच वेळी आली, मी दुकानात असताना. तुझा मामा जिन्यावरून असा धावत आला की त्याची चप्पल वरच राहिली. आपलं खोकं छातीशी धरून म्हणाला, "गाडीचा पार्ट आहे." मी माझं पाठीमागे धरून म्हटलं, "यंत्राच्या बॉबिन आहेत." दोघं एकमेकांकडे बघत उभे. माझं गिऱ्हाईक, ब्लाउजचं माप द्यायला आलेली, हात वर करून तशीच उभी.

ती गेल्यावर तो म्हणाला, "तुझं आधी उघड." मी म्हटलं, "तुझं आधी." शेवटी एकदमच उघडलं. मी म्हटलं, "हे तुझ्यासाठी आहे." तो म्हणाला, "हे तुझ्यासाठी आहे."

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. त्याने माझ्या मानेवर फवारा मारला आणि मी म्हटलं, "केक काढून घेतलास आणि वास देतोस? माझी थट्टा करतोस?" त्याचा चेहरा असा उतरला की मीच गप्प बसले. पण ते बोललं गेलं हे बरंच झालं. कारण मग सगळंच बाहेर आलं. मी म्हटलं, "मला साखरेची आठवण येत नव्हती रे. रविवारी बेकरीत बसून लोकांना नावं ठेवायचो ना, त्याची येत होती. तू मला पेशंट करून टाकलंस." तो म्हणाला, "मला भीती वाटत होती." "कसली?" तर म्हणाला, "तू नसलीस तर, याची."

एवढी वर्षं ब्रेकवर पाय ठेवून बसणारा माणूस. त्याला भीती वाटते हे मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही डॉक्टरांकडे गेलो. मी स्वतः विचारलं, "मला केकचा एक घास चालेल का?" ते म्हणाले, "घास कधी बंद केला होता? आकडे चांगले आलेत. महिन्यातून एखादा छोटा तुकडा दोघांत वाटून खा. बंद मी रोजचा अर्धा डबा केला होता." मी वळून तुझ्या मामाकडे पाहिलं. तो भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होता.

रविवारी गेलो बेकरीत. मान दोघांची सुगंधी. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "आज भट्टीत काय करपतंय?" आणि आत पळाल्या. एक तुकडा, कोपऱ्याचा, दोन चमचे. आधी तू, आधी तू करता करता एकदम घास घेतला.

चिंगे, काय सांगू, इतका गोड! दात शिवशिवले. त्याने डोळे मिटून गिळला आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, "हा पूर्वीपासून एवढा गोड होता?" तो म्हणाला, "मी तर दोन-दोन खायचो." अर्धा तुकडा तसाच ताटलीत राहिला. आम्ही बसून राहिलो मात्र दुपारभर, आणि समोरच्या टेबलावरच्या जोडप्याला अशी काही नावं ठेवली की हसून हसून पोट दुखलं.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "त्या केकपेक्षा तुझ्या मानेजवळचा बरा आहे." त्याने गाडी बाजूला घेतली.

पुढचं भाचीला सांगण्यासारखं नाही.

मामी

ता. क. चिंगे, मी मामा. वरचं मी आत्ताच वाचलं. इंडिकेटर देऊन घेतली होती बाजूला. तुझ्या मामीने सहा फवारे मारले आहेत, शिकाऊ मंडळी आता खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवतात. दोन बाटल्या कमी पडणार असं दिसतंय.